काळ्या करकोच्याखाली दोन सह्या

१२ ऑक्टो., रवि.
पेनटाकळी धरण. सरांना सहाला जानेफळहून उचललं. नववीत त्यांनी विज्ञान शिकवलं, त्याला तीस वर्षं होऊन गेली. अजून स्कूटीवर मागे बसून शिकवणं चालूच. "सुमे, खड्डा पाह्य. सुमे, म्हैस पाह्य." गुडघा दुखतो, पण धरणाच्या भिंतीवर चढताना हात धरू देतील तर शपथ.

पाणी काठोकाठ, म्हणून पक्षी पांगलेले. हळदीकुंकू बदकं ४०-४५. शेकाटे. धोबी आलेत. साडेसातला चक्रवाक, दोनच, यंदाचे पहिले. सरांनी टोपी काढली. "आले बाप्पा! बसा, बसा." दरवर्षी असंच, पाहुणे ओसरीवर आल्यासारखं. मला दरवर्षी हसू येतं आणि दरवर्षी डोळेही भरतात.

जिल्ह्यातल्या पक्ष्यांची पुस्तिका निघतेय. आमच्या काळ्या करकोच्याचा फोटो मागितलाय, २६ पर्यंत. या भागात तो फक्त आम्ही दोघांनी पाहिलेला, मी नववीत असताना; फोटो सरांनीच काढलेला. सरांनी बैठकीतली फ्रेमच काढून आणली होती, टॉवेलात गुंडाळून. आणि माझ्या मांडीवर अशी ठेवली की...

१५ ऑक्टो., बुध.
ऑफिस सुटल्यावर मेहकरातच झेरॉक्सवाल्याकडे फोटो स्कॅन. फार पांढरट येतोय म्हणून त्याने उजेड कमी केला. मागचं पाणी करडं झालं आणि त्यातून एक मान निघाली. पांढरी.

म्हणजे साधा कांडेसर. पांढऱ्या मानेचा, आपल्याकडे बाराही महिने शेताशेतांत हिंडणारा. उन्हात चमकणाऱ्या पाण्यात मान हरवली आणि उरलं तेवढं काळं.

झेरॉक्सवाला खूश. "ताई, आता कसा साफ दिसून राह्यला!"
हो बाबा. फारच साफ.

१७ ऑक्टो., शुक्र.
कामात लक्ष नाही. इथे तरी लिहून टाकते. मी तो पक्षी पाहिलाच नव्हता.

सरांचा नियम: दोघांनी पाहिल्याशिवाय नवा पक्षी वहीत चढवायचा नाही, आणि खाली दोघांच्या सह्या. त्या दिवशी माझी चप्पल गाळात रुतली. नवी कोरी. आई मारेल म्हणून वाकून तीच उपसत होते. सर ओरडले, "सुमे, पाह्यला का?" मी वरही न बघता, "हो सर!" मग बघितलं तर पाणीच. वहीत 'काळा करकोचा', खाली त्यांची सही, त्याखाली माझी.

पुढे शाळेत सत्कार. शाल सरांना, नारळ मला. "पोरगी हुशार हाये" म्हणून बाबांनी मला अकरावीला मेहकरला घातलं. नाहीतर दहावीनंतर लग्नच होतं. त्या एका 'हो सर'वर माझं सगळं उभं आहे. सरांचंही. गावात अजून कोणी नवा पाहुणा आला की त्याला आधी तो फोटो दाखवतात.

चप्पल मात्र सापडली होती.

२० ऑक्टो., सोम.
सांगायला सरांकडे गेले. काकू चकल्या तळत होत्या. सर पुस्तिकेसाठी मजकूर लिहीत बसलेले. चौथा कागद. वर मान करून म्हणाले, "तुहं नाव पहिले टाकलं वं. मी काय, आज हाओ उद्या नाई."
चार चकल्या खाल्ल्या आणि परत आले. शेळीचं काळीज माझं.

२५ ऑक्टो., शनि.
पुन्हा पेनटाकळी. चक्रवाक ११. थापट्या आलेत, थोडे. डबा खाऊन झाल्यावर सांगितलं. मान, चप्पल, सगळं, एका दमात. सरांनी मोबाईलवरचा स्कॅन लांब धरला, जवळ धरला, चष्मा पुसून परत पाहिला. मला वाटलं, आता आपलं नातं संपलं.

मग म्हणाले, "ऊन समोर होतं वं. मलेबी नुसतं काळं दिसे. मान कोठी हाये तेच समजे ना. तू हो म्हणली, म्हणून लिहिलं. म्हणलं, पोरीची नजर तेज हाये."

म्हणजे मी त्यांच्या भरवशावर आणि ते माझ्या! मला हसूच फुटलं. तेही हसले, खोकला लागेपर्यंत. मी पाठ चोळली. आणि मग हसायचे थांबले.
"मंग इतके वर्षं मी लोकायले काय सांगून राह्यलो?"

येताना खांद्यावर हात ठेवला नाही. मागची दांडी धरून बसले. खड्डा आला तरी बोलले नाहीत. फार वाईट वाटलं. त्यांनी रागवायला हवं होतं.

२६ ऑक्टो., रवि.
दुपारी दारात सर. एकटे, काळीपिवळीने, त्या गुडघ्यावर. पिशवीतून जुनी वही काढली, पेन काढलं, पट्टी काढली, आणि पान उघडून माझ्यापुढे सरकवलं. काळ्या करकोच्याखाली त्यांच्या सहीवर रेघ. नीट, पट्टी लावून ओढलेली, बाजूला आजची तारीख. माझी सही तशीच.

"सर, आणि ही?"
"तुह्या नावावर मले रेघ ओढवे ना. तुहं तू पाह्य."
"एका सहीची नोंद होत नाही. नियम तुमचाच आहे."
"मालूम हाये," म्हणाले आणि चहात बिस्किट बुडवलं. ते तुटून कपात पडलं. चमच्याने काढून खाल्लं.

पुस्तिकेचं पुढे काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. पायात चप्पल अडकवताना म्हणाले, "रविवारी सहाले येजो. पट्टकादंब येतीन आता." वही घ्यायची राहिली म्हणून मी मागून हाक मारली. हातानेच राहू दे म्हणाले.

मेल सहापर्यंत पाठवायचा आहे. आता साडेचार. पेन आणि पट्टीही ते इथेच ठेवून गेलेत.