अण्णांसाठी दोनशे हॉर्सपॉवर

३ जानेवारी, सकाळी ७
संकल्प. वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, जुन्या टू-सीटर स्पोर्ट्स कारमध्ये टर्बो इंजिन बसवायचं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना बजावलंय : एकतीस मार्चला लायसन्स संपलं की गाडी बंद. तोवर फक्त दिवसा, ओळखीच्या रस्त्यानं, हळू. म्हणजे शेवटचे तीन महिने, आणि तेही साठ हॉर्सपॉवरवर? मला बघवत नाही. सहा रविवार पुरेत.

४ जानेवारी
अण्णांना सांगितलं. म्हणाले, "गाडी चालतेय की." चालणं आणि धावणं यातला फरक समजावून दिला. उठून गाडी पुसायला गेले. भारावले असावेत.

१२ जानेवारी
जुनं इंजिन काढलं. मी आणि गल्लीच्या तोंडाशी गॅरेज असलेले मिस्त्री. माणूस हाताचा कसबी, दृष्टी मात्र मोठी नाही. फक्त अडीच तास लागले! काढणं इतकं सोपं, म्हणजे बसवणंही सोपंच. बायको खिडकीतून म्हणाली, "चाळीस वर्षं चाललेली गाडी एका सकाळीत बंद पाडलीत." तिला प्रोसेस कळत नाही.

१९ जानेवारी
नवीन इंजिन आलं. अपघातात गेलेल्या मोठ्या सेडानचं. जुनं ठेवायला जागा नाही, मिस्त्रींना देऊन टाकलं. त्यांनी दोनदा विचारलं, "नक्की ना?" मी मागे वळून बघणाऱ्यांतला नाही.

२ फेब्रुवारी
इंजिन जागेत मावत नाही. किरकोळ. चार बोटांचा प्रश्न. इकडे सरकवलं की टर्बो स्टिअरिंगच्या दांड्याला घासतो, तिकडे सरकवलं की बॅटरीला जागा नाही. बॅटरी सीटमागे नेली.

११ फेब्रुवारी
पाठ धरली. झोपून प्लॅनिंग.

२३ फेब्रुवारी
बसलं!! बॉनेट लागत नाही. बॉनेटला भोक पाडलं. भारीतल्या गाड्यांना असतंच. अण्णा बाहेर आले, भोकाच्या कडेवरून बराच वेळ बोट फिरवत राहिले. "इथला पत्रा कुठं गेला?" हवा खेळती राहते, म्हटलं.

७ मार्च
वायरिंग पूर्ण. किल्ली फिरवली. शांतता. इंजिनाचा कम्प्युटर त्याच्या मूळ गाडीची किल्ली मागतोय. ती गाडी भंगारवाल्यानं कधीच दाबून चौकोनी केली. चोराला ही गाडी नेताच येणार नाही. हा फायदा आधी लक्षात आला नव्हता.

१४ मार्च, दुपारी
मिस्त्रींची सामानाची व्हॅन गल्लीतून गेली. अण्णा खुर्चीतून उठले. म्हणाले, "आपलं इंजिन." भास होतो या वयात. तरी विचारून आलो. भास नव्हता. मिस्त्रींनी आपलं इंजिन व्हॅनला बसवलंय. म्हणाले, "आजच काढतो. पुढच्या रविवारी अण्णा गाडी चालवतील. तुम्ही नुसतं हो म्हणा." सतरा दिवस हातात असताना हार मानायची? नाही म्हणालो. बायको संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही. कामाला शांतता मिळाली.

२२ मार्च
लॅपटॉपवाल्या माणसानं किल्लीचा प्रश्न सोडवला. इंजिन सुरू! काय आवाज! फुल रेस दिली. मिस्त्री दोन्ही हात हलवून ओरडत होते. मला वाटलं, त्यांनाही राहवलं नाही. ते "बंद करा" म्हणत होते. टर्बोच्या तेलाची नळी निसटली होती. तेल सगळं जमिनीवर. टर्बो जाम, इंजिन जाम.
नळी मी जोडली होती.
तरी दीड मिनिट चाललं.

२९ मार्च
मिस्त्रींकडे गेलो. जुन्या इंजिनाचा विषय काढला. म्हणाले, "आता दोन दिवसांत कसं होणार हो?" आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

३१ मार्च
सकाळी दहाला अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून, बुटांच्या नाड्या बांधून खाली आले. हात पुढे केला. "किल्ली." मी सांगायला तोंड उघडलं. "माहितीय," म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले.
मी, मिस्त्री आणि बायकोनं गाडी ढकलली. कोपऱ्यावर त्यांनी हात बाहेर काढून वळायचा इशारा दिला. मागे आम्हीच होतो. परतताना चढावर आमचा दम संपला. अण्णांनी हँडब्रेक ओढला. मग म्हणाले, "स्टिअरिंग जड झालंय रे."
नवीन इंजिनाचं वजन जास्त आहे. हे मी सांगितलं नाही.

३ एप्रिल
दुसरा टर्बो बघावा म्हणून लिस्ट काढून बसलो. अण्णा शेजारी येऊन बसले. विचारलं, "आता कोणासाठी?"
मला गाडी चालवता येत नाही. अण्णांनी तीनदा शिकवायला घेतलं, तिन्ही वेळा मीच बहाणे करून सुटलो. या वहीत हे आजवर लिहिलं नव्हतं.