जेवणाच्या टेबलावरची सायकल

विहीणबाई,

तीर्थस्वरूप लिहावं तर तुम्ही माझ्यापेक्षा लहान, आणि चिरंजीव लिहावं तर माझ्या लेकीच्या सासूबाई. तेव्हा नुसताच मनापासून नमस्कार घ्या. तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना आवाज येतो म्हणाला होतात, तो थांबला का? (नुसता आवाज येत असेल तर काळजी करू नका, दुखत असेल तर करा. नर्सचा सल्ला आहे.) इकडे सगळं ठीक. तुमच्या यजमानांचा मोतीबिंदू काढलेला डोळा उत्तम आहे, थेंब वेळच्या वेळी मीच घालते, आणि ‘त्यांना खाली वाकू देऊ नका’ ही तुमची ताकीद आम्ही तंतोतंत पाळली. व्याही एकदाही वाकले नाहीत. सायकलच वर घेतली.

सायकल म्हणजे माझी ती जुनी इलेक्ट्रिक सायकल, जिच्यावरून मी घरोघरी ड्रेसिंग आणि इंजेक्शनं करत फिरते. वजनाने लोखंडी कपाट आहे, पण इतकी वर्षं मला वरच्या गल्लीचा चढ कुरकुर न करता चढवून न्यायची. यंदा तिची बॅटरी म्हातारी झाली. लॉन्ड्रीपाशी दुसरं वळण आलं की जीव सोडायची, आणि मग औषधांची बॅग, मेलेली बॅटरी आणि अख्खी सायकल ढकलत मी वर. धापा टाकत पेशंटच्या दारात उभी राहिले की पेशंटच मला पाणी द्यायचे. शेवटी एकदा जेवताना सांगून टाकलं की पुढच्या महिन्यापासून वरच्या गल्लीतले पेशंट मी सोडणार. अगदी सहज सांगायचं ठरवलं होतं, पण पायाच्या जखमेवाले बँडमास्तर डोळ्यांसमोर आले (ते दुसऱ्या कुणाला पट्टीला हात लावू देत नाहीत, मागच्या नर्सवर त्यांनी पायमोजा फेकला होता) आणि मी पाण्याचा तांब्या भरायला म्हणून उठले. तांब्या भरलेलाच होता.

आता आपल्या दोघींच्या नवऱ्यांचं एकमेकांशी बोलणं म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊक आहे. लग्न ठरल्यापासून ‘प्रवास कसा झाला’ आणि ‘तिकडे पाऊस काय म्हणतो’ यापलीकडे गाडी गेली नव्हती. व्याही इथे ऑपरेशनसाठी आल्यापासून दोघं पेपरची पानं वाटून घेऊन मुकाट बसायचे. त्या दिवशी मात्र मी तांब्या घेऊन परत येते तर व्याही म्हणत होते, “बॅटरी नवी घातली तर?”

“नुसत्या बॅटरीने नाही भागायचं,” आमचे हे म्हणाले. “जुनी छत्तीस व्होल्टची. अठ्ठेचाळीसची घातली तर जोर येईल, पण जुना कंट्रोलर जळेल. तोही बदलायला हवा.”

कंट्रोलर म्हणजे काय, असं मी विचारलं. तर बॅटरी आणि मोटर यांच्यामध्ये बसून, कुणाला किती द्यायचं आणि कुणाला कधी थांबवायचं हे ठरवणारी डबी. (म्हणजे घरात मी.)

सामान आलं, आणि व्याहींना वाकायला बंदी असल्यामुळे दोघांनी शेजाऱ्यांना हाक मारून सायकल जेवणाच्या टेबलावर चढवली. मागचं चाक कडेबाहेर अधांतरी, हँडल पंख्याच्या दिशेने. तेव्हापासून आम्ही ओट्यापाशी उभ्याने जेवत होतो. व्याही काळा चष्मा लावून माहितीपत्रक वाचायचे, तेही शेवटच्या बाकावर ऐकू जाईल अशा आवाजात. (भूगोलाच्या प्राध्यापकाला निवृत्त करता येतं, त्याच्या आवाजाला नाही.) आमच्या ह्यांची नोकरी पाणीखात्यातली, त्यामुळे त्यांना वीजही पाण्यासारखीच दिसते: इथे दाब वाढला, तिथे नळी जाड हवी. एक नकाशा काढणार, दुसरा व्हॉल्व्ह शोधणार. मोटरच्या जुन्या वायरींचे रंग पिवळा, हिरवा, निळा; नव्या कंट्रोलरच्या वायरींचेही तेच. मी म्हटलं, मग लावा की रंगाला रंग. लावला. बटण दाबताच मोटर अशी गुरगुरली आणि टेबल असं थरथरलं, की मिठाची बरणी आपण होऊन जमिनीवर गेली. रंग सारखे असले तरी आतली जोडणी वेगळी असू शकते, असं पत्रकातच छापलं होतं. पण ते पान आमचे हे चहाच्या कपाखाली ठेवून बसले होते.

मग जे भांडण झालं ते ऐकून मी बाहेरच्या खोलीतून धावत आले. “अहो, मी सांगत होतो तुम्हाला!” इथून सुरू झालेलं प्रकरण बघता बघता “अरे, पण तू ऐकतोस का कुणाचं?” इथवर पोचलं होतं. मी दारातच थबकले. विहीणबाई, तुमचे यजमान आमच्या ह्यांना ‘अरे’ म्हणाले आणि आमच्या ह्यांनी लगेच ‘तूच बघ मग’ म्हणून पक्कड त्यांच्या हातात दिली! दोघांच्याही लक्षात आलं नाही. मी आल्या पावली मागे फिरले आणि चहा टाकला.

नव्या कंट्रोलरला पांढऱ्या वायरींची एक जोडी होती. ती जोडली की कंट्रोलर मोटर चाचपून आपली आपण ओळख करून घेतो, असं चहाच्या डागाखाली लिहिलेलं सापडलं. व्याहींनी जोडली. चाक हललं. आधी उलटं फिरलं, सावकाश. मग थांबलं. आणि मग ते सुलटं फिरायला लागलं, गुरगुर नाही, खडखड नाही, आऱ्या दिसेनाशा झाल्या आणि त्यांचा वारा माझ्या तोंडावर आला. मी पुष्कळ बाळंतपणं पाहिली आहेत. मूल रडायच्या आधी खोलीत जी शांतता असते ना, तीच. “ओळख पटली,” व्याही हळूच म्हणाले. त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. (स्वच्छ कापडाने. मी पाहिलं.)

दुसऱ्या दिवशी ब्रेक दाबला की मोटर बंद होते ना, हे ह्यांनी मला अंगणात इतक्यांदा करून दाखवायला लावलं की मीच थकले. मग निघाले. लॉन्ड्रीचं वळण आलं आणि सवयीने माझा एक पाय उतरायला खाली गेला, पण सायकल थांबलीच नाही हो! कुणीतरी पाठीवर हात ठेवून ‘चल’ म्हणावं तशी वर निघाली. मला बँडमास्तरांच्या दारात थांबायचं होतं. ते खिडकीत बसलेले दिसले, मी हात हलवला आणि पुढे गेले. का गेले ते विचारू नका. पुढची गल्ली, तिच्या पुढची, मग घरं संपली आणि एकदम पाण्याची टाकी. आमच्या ह्यांनी जिथे जन्मभर नोकरी केली, जिथे माझा डबा रोज गेला, ती टाकी मी पहिल्यांदा पाहिली. केवढी प्रचंड! खाली सगळं गाव, प्रत्येक छपरावर एक छोटी टाकी, आणि त्या सगळ्यांना पाणी इथून. आमचे हे त्याबद्दल कधी बोलले नाहीत. मी बराच वेळ तिथे नुसती उभी राहिले.

खाली बँडमास्तरांनी आमच्या घरी फोन करून “सिस्टर पळून गेल्या” असं कळवलं होतं. मी उतरून येते तर त्यांच्या पलंगावर तिघं ओळीने बसलेले: एकाचा पाय दुखतोय, दोघांना दम लागलाय.

“टाकी बघितलीस?” ह्यांनी विचारलं.

“बघितली.”

“उजवीकडून गळतेय का अजून?”

मी बँडमास्तरांची पट्टी सोडायला घेतली. जखम भरत आली आहे. वरची गल्ली मी सोडत नाही, हे कळवण्यासाठीच हा पत्रप्रपंच. घरच्या सर्वांना यथायोग्य सांगावं.

तुमची,
विहीण

ता. क. व्याहींना डॉक्टरांनी मागच्या आठवड्यातच मोकळं केलं आहे. डोळ्याला अजून महिनाभर विश्रांती हवी, असं व्याहींनी तुम्हाला फोनवर सांगितलं असेल, तर ती विश्रांती सध्या शेजाऱ्यांच्या सायकलीची मोटर उघडून चालू आहे.

आणखी एक. ह्यांच्या हिशेबाने ही बॅटरी तुमच्या दारापर्यंत पुरते, परत यायला पुरत नाही. तेव्हा येत्या रविवारी मी चार दिवस मुक्कामाला येते आहे, एकटी, सायकलवरून. दरवाजाजवळ चार्जर लावायला प्लग मोकळा ठेवा. या दोघांना मात्र कळू देऊ नका. मी बसने येते आहे असं त्यांना सांगितलं आहे.