सासूनलिका

प्रिय चिमणे,

तीन रविवार तुझा फोन आला आणि तिन्ही वेळा तुझ्या बापाने आजी झोपलीय म्हणून सांगितलं. तू लांब नोकरीला गेलीस म्हणून मी रुसले, असं तू धरून चाललीस. परवा तर निरोप ठेवलास, की आजीला बोलायचं नसेल तर मीही फोन करणार नाही. अगं, नाकावर राग तुझ्या असतो, माझ्या नाही. सगळं सांगते, पण आधी एक गंमत सांगू दे, नाहीतर माझं पोट फुगेल.

आपल्या गळ्यात वाऱ्याची एक नळी असते. तू शिकलेली, तुला ठाऊक असेल. मला सत्तरीत कळलं. सिस्टरबाईंनी तिचं नाव सांगितलं, ते मी पाटीवर लिहिलं, सासूनलिका. तिसरीत सुटलेली पाटी या वयात पुन्हा हातात आलीय, त्याचंही सांगते. बाई इतक्या हसल्या की हातातला ताप बघायचा काटा पडता पडता राहिला. आजी, श्वासनलिका, म्हणाल्या. पण मी म्हणते माझंच बरोबर. बघ, ही नळी पुढे, आणि जेवणाची नळी तिच्या पाठीला चिकटून, सुनेसारखी. सासू कडक. तिच्यात सोळा-वीस कड्या, एकीखाली एक, कान दुमडून बघ तसल्या चिवट. पण कड्या पुऱ्या गोल नाहीत, पाठीकडे उघड्या. मागून मोठा घास उतरला की सुनेला फुगायला जागा हवी ना. पुढून ताठ, मागून मऊ. तुझ्या आईला हे लिहून दाखवलं, तर म्हणते कशी, आमच्या सासूबाईंची मऊ बाजू सापडायला मला पंचवीस वर्षं लागली.

ऑफिसात मी धूळ ओढायचं मशीन चालवायचे, त्याच्या पाइपलाही अशाच कड्या होत्या. त्या कशाला, हे आत्ता कळलं. नसत्या तर ओढीनेच पाइप चपटा झाला असता. आणि झाडण्याचं ऐक. सात मजल्यांचे जिने मी तीस वर्षं झाडले, वरून खाली. या नळीत आतून डोळ्यांना न दिसणारी लव असते, ती धूळ उलटी झाडते, खालून वर, पार घशापर्यंत. सुट्टी नाही, मुकादम नाही. मी आपली कंबर धरून मिरवायचे, आणि आत माझ्याहून कामसू लाखो जणी गुपचूप राबत होत्या.

खाली नळीला दोन फाटे, फाट्यांना फाटे, आणि शेवटी इवल्या फुग्यांचे घोसच्या घोस. त्यांची कातडी इतकी पातळ की वाऱ्यातला ऑक्सिजन तिथून अलगद रक्तात उतरतो आणि वापरलेला वारा परत निघतो. बोटभर लांब, अंगठ्याएवढी जाड नळी, आणि माझी सत्तर वर्षं तिच्यातूनच आत आली. तू जन्मलीस तेव्हा रडली नाहीस. मी बंद दाराला कान लावून उभी. आत नुसती भांड्यांची खुडबूड. किती वेळ गेला देव जाणे, मग तुझा आवाज आला आणि मी तिथेच जमिनीवर बसले. तो वारा कुठून कुठे गेला होता, ते आज समजलं.

आता खरं सांगते. माझ्या घशात, त्या नळीच्या वर गाठ झाली होती, श्वास अडायला लागला. डॉक्टरांनी गळ्याला खाली भोक पाडून छोटी नळी बसवली आणि मग गाठ काढली. साधी निघाली, घाबरू नकोस. पण वारा गळ्याच्या त्या भोकातूनच ये-जा करतो, आवाजापर्यंत पोचतच नाही. म्हणून मी मुकी, आणि म्हणून पाटी. तुझ्या बापाला खोटं मीच बोलायला लावलं. नवी नोकरी टाकून तू धावत आली असतीस. शनिवारी नळीला बूच लावून बघणार आहेत, वारा वरच्या वाटेने जातो का. तर रविवारी फोन कर. मी घेईन. आधी नुसती फुसफूस ऐकू येईल, कदाचित तेवढीही नाही. फोन ठेवू नकोस. दाराबाहेर मी थांबले होते ना, तशी थांब.

तुझीच,
सध्या मुकी, एरवी बडबडी आजी