एकोणीस फोड

३ मार्च

ती. दादास, सा. न.

गुडघ्याचं वहिनीने कळवलं. जिना चढू नको म्हटलं की तू गच्चीत जाऊन बसतोस, हेही कळवलं.

जूनअखेर मी निवृत्त होते. संग्रहालयातल्या माझ्या खोलीतलं रोज एक कपाट रिकामं करते आहे. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या बरण्यांना चिठ्ठ्या लावल्या. माझ्या हातून एकाही नव्या प्राण्याचं वर्णन झालं नाही. आता एक होईल. अकरा वर्षांपूर्वी तू जहाजावरून माझ्यासाठी आणलेली गोगलगाय आठवते? शंख नसलेली, जाळ्यातला गाळ डेकवर उपसला, त्यात तुला सापडलेली. ती नवी जात आहे. पाठीवर एकोणीस फोड आहेत. इतक्या खोल समुद्रातल्या तिच्या कुठल्याच भाऊबंदांना ते नाहीत. नमुना एकच, म्हणून चिरणार नाही. फोडांच्या वर्णनावर भागेल. बरणीत ती पांढरी पडली आहे. वर आली तेव्हा रंग कोणता होता, तेवढं सांग.

लोभ आहे तेवढा पुरे, पत्र मात्र मोठं लिही.

बारकी

१४ मार्च

चि. बारकीस, अ. उ. आ.

रंग विटक्या गुलाबी साबणासारखा होता. कडेला जरा तपकिरी.

तुला एवढ्या गोगलगायी सोडून हीच बरी सापडली. दुसरी एखादी बघ ना. गुडघा आहे तसाच आहे.

आशीर्वाद नेहमीचेच, पत्र लहान आहे म्हणून कमी धरू नकोस.

दादा

२५ मार्च

ती. दादास, सा. न.

फोडांबद्दल तू अवाक्षर काढलं नाहीस. तुझ्या हातची आमटी करपली की तू असाच हवापाण्यावर बोलायचास.

लेख काल पाठवला. जातीचं नाव ‘फोडवाली’ ठेवलं आहे, छापताना लॅटिनमध्ये. साहेब पहिल्यांदाच माझ्या खोलीत येऊन बसले. डोळे दुखतात, पण बरं वाटलं.

माया असू दे, आणि गच्चीत जाऊ नकोस.

बारकी

२ एप्रिल

चि. बारकीस, अ. उ. आ.

तुझी वहिनी म्हणते, आज लिहिलं नाहीस तर मी लिहीन.

गोगलगाय गाळाने बरबटली होती. तुला स्वच्छ द्यावी म्हणून मी ती भटारखान्याच्या नळाखाली धुतली, वाडग्यात नळाचंच पाणी घालून ठेवली आणि चाळीस माणसांचं जेवण वाढायला गेलो. परत आलो तर पाठभर फोड. आधी नव्हते. पाठ गुळगुळीत होती. स्पिरिटच्या बाटलीत घातली आणि गप्प बसलो. तू बरणी उजेडात धरून इतकी हसलीस, मग कसं सांगणार? मी स्वयंपाकी, बये. हातात आलं की धुतो.

रागाव, पण पत्र लिही.

दादा

१९ मे

ती. दादास, सा. न.

पंधरा दिवस तुझं नावही काढलं नाही. लेख मागे घेतला. किनाऱ्यावरची एक साधी गोगलगाय आणून नळाच्या पाण्यात ठेवली. डबा खाऊन येईपर्यंत तिलाही फोड. खाऱ्या पाण्यातला जीव गोड्या पाण्यात फुगतो, हे मी दरवर्षी नव्या मुलांना शिकवते. स्वतःच्या बरणीत दिसलं नाही.

मग तुझी चिरली. दुसरा इलाज नव्हता. टेबलाला कोपर टेकून, सावकाश. या जिवांच्या जिभेवर दातांची पट्टी असते. आठवडाभर ओळीओळीने दात मोजले, तीनदा. असे दात आजवर कुणी नोंदवलेले नाहीत. नवीच आहे, दादा.

लेख पुन्हा पाठवला, परवा स्वीकारल्याचं कळलं. त्यात तू दोनदा आहेस. एकदा, नमुना गोळा करणारा, जहाजावरचा स्वयंपाकी. आणि खाली, फोड नैसर्गिक नाहीत, गोळा करणाऱ्याने नमुना नळाखाली धुतला.

जातीचं नावही बदललं. ‘धुतलेली’.

खोलीत आता टेबल तेवढं उरलं आहे. दमले आहे. जुलैत तिकडे येते. लोभ ठेव, आणि मी येईन तेव्हा भाजी धुऊनच कर.

बारकी