डावा बूट

सौंसर,
१९ फेब्रुवारी १९८६

प्रिय मीना,

तुझ्या दादाला लग्नापासून मी ‘हे’ म्हणत आले. या पत्रात ‘तो’ म्हणणार आहे. वाईट वाटलं तर वाटू दे, पण पत्र शेवटपर्यंत वाच.

दिवाळीत त्याला बढती मिळाली आणि या नव्या साहेबांनी स्वतःसाठी नागपूरहून बदामी कातड्याचे बूट आणले. लग्नात माझ्याकडे पाहिलं नसेल इतकं त्या बुटांकडे पाहणं चालायचं. ऑफिसात निघाला की गल्लीतला चिखल चुकवत असा उड्या मारत जायचा, की शेजारच्या मनकर्णाबाई तोंडाला पदर लावायच्या. दारात धूळ बसते म्हणून बुटांची जागा कपाटात, माझ्या साड्यांच्या खालच्या खणात. तेही मी हसण्यावारी नेलं.

गेल्या महिन्यात बाबांना नागपूरच्या डॉक्टरांना दाखवून आम्ही परतलो. पांढुर्ण्याच्या फलाटावर उतरताच त्यांना घेरी आली आणि उलटी झाली, नेमकी त्याच्या बुटांवर. संत्र्याचा रस, औषध, सगळं. मीना, बाप जमिनीवर कोसळलेला आणि हा धावला नळाकडे, बूट धुवायला! बाबांचं डोकं मी मांडीवर घेतलं, पाणी चहावाल्या दादारावनं पाजलं. तिकडून याचं ओरडणं, “फडकं दे नं लवकर, डाग धरून राहिला!”

घरी आल्यावर तर तमाशाच. लिंबू चोळलं, तिथला रंग उडाला. रॉकेल लावलं, डाग पसरला. मग ओले बूट शेगडीजवळ ठेवले, तर कातडं आखडून वाळक्या पापडासारखं झालं. सत्यानाश स्वतःच्या हातांनी करायचा आणि दर वेळी बाबांकडे पाहून म्हणायचं, “आता काय घालून जाऊ मी ऑफिसात?” एवढा मोठा साहेब आणि अक्कल टाचेएवढी. बाबा भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे.

त्या रविवारी मी बाजारातून आले, तर बाबा ओट्यावर उन्हात बसलेले. जन्मभर मास्तरकी केलेला माणूस, आणि मांडीवर पोराचा बूट. डागावर खडूची पूड टाकून, मग साबणाचं फडकं घट्ट पिळून ते हळूहळू पुसत होते. मला पाहून विचारलं, “सूनबाई, दिसून राहिला काय अजून?” मी काही बोलायच्या आत आतल्या खुर्चीतून, पेपरच्या आडून आवाज आला, “उजवा जमला, बाबा. डावा राहिला नं. घासा जरा.”

मला रागसुद्धा आला नाही. नालीतला किडा पाहून वाटतं तसं वाटलं. बूट बाबांच्या मांडीवरून काढून बाजूला टाकला, त्यांचे हात धुतले, औषधं आणि धोतरं पिशवीत भरली. “बाबांना काहून नेऊन राहिली?” त्यानं विचारलं. मी बाबांचा हात धरून ओट्याखाली उतरले. समोरचे लोक बघत होते, म्हणून हा उंबऱ्याबाहेर आला नाही. बापाला अडवायचीही हिंमत नाही, मीना. लोक काय म्हणतील!

शिकवायला मी रोज बसनं सौंसरला येतच होते. आता शाळेमागेच खोली घेतली आहे.

तो तुला लिहील, की वहिनीनं बाबांना फितवून नेलं, तिला समजाव. लिहिलंही असेल. मला समजवायच्या भानगडीत पडू नकोस. बाबा आता दोन घास जेवतात, सकाळी रस्त्यावर थोडं फिरून येतात. पण पाणी मागताना हात जोडतात. माझ्यापुढे, मीना! खोकला आला तरी “माफ कर बाई” म्हणतात. मी त्यांचे हात धरून खाली घेते, ते पुन्हा जोडतात. सुनेचं त्यांना पटत नाही, लेकीचं कदाचित पटेल. इटारसीहून पांढुर्ण्याला उतरलीस की घराकडे वळू नकोस, सरळ सौंसरची बस धर. त्यांच्याजवळ बसून एकदा त्यांच्यावर हक्कानं रागाव, पूर्वी रागवायचीस तशी. मला ते जमत नाही.

वाट पाहते आहे.

तुझीच,
अनुराधा