वास्केस्यूच्या तळ्यावर स्तेफाताई

प्रिन्स अल्बर्ट, सस्कॅचेवान
२ जून १९८७

ती. स्तेफाताईस,
धाकट्या ओरेस्टचा नमस्कार, आणि पाठोपाठ भांडण.

एकोणिसाव्या वर्षी ‘इथे वाऱ्याशिवाय आहे काय’ म्हणून तू हॅलिफॅक्सला गेलीस, ती गेलीसच. गॉर्डनदाजींना जाऊनही आता सहा वर्षं झाली. समुद्राकडे पाठ करून किती दिवस बसणार? जुलैत ये. माळावर गवत फुलाला आलेलं असतं, रानगवे रस्ता अडवून उभे असतात. शेजारच्या आर्लीनच्या क्री जमातीच्या मंडळींचा नाचाचा मेळावाही तेव्हाच आहे. शिवाय वास्केस्यूच्या तळ्यात मी तुला होडीतून फिरवीन. नाही म्हणालीस तर पोत्यात घालून आणीन.

राग असू दे, पण ये.
तुझा,
ओरेस्ट

हॅलिफॅक्स
१५ जून

चि. ओरेस्टला अनेक आशीर्वाद, आणि एक धपाटा.

येते बाबा. तुझ्या भाचीने, मॉइराने, पत्र वाचल्या वाचल्या तिकीट काढलं. जणू मला घालवायला टपलीच होती! नाचाला येईन, गवे बघीन, तुझ्या जाड पारीच्या, बटाटा भरून उकडलेल्या वारेनिकीसुद्धा मुकाट खाईन. पण होडीचं नाव काढायचं नाही. गॉर्डनची होडी परतली नाही, त्या दिवसापासून मी धक्क्यावर पाऊल ठेवलेलं नाही. आणि तू कसला होडी चालवणार? नांगर सरळ धरता येत नव्हता तुला.

बाकी भेटीत.
तुझी ताई

वास्केस्यू
१९ जुलै

चि. मॉइरा,
पोटभर आशीर्वाद.

मेळाव्यात आर्लीनने मला हाताला धरून रिंगणात ओढलं. गुडघ्याचं सांगितलं, तर म्हणाली की नाचायला बोलावलंय, पळायला नाही. ढोल छातीत घुमत होता गं! गवे तर गाडीला खेटून गेले, आणि तुझा मामा खाली वाकून बसला.

आज तळ्यावर आलो. मी काठावर विणत बसले आणि मामा शेखी मिरवायला चिंचोळ्या होडीतून एकटाच आत गेला. एकाएकी वारा उठला. त्याच्या हातातलं वल्हं निसटलं आणि होडी आडवी होऊन दूर जायला लागली. मी ओरडले, पण आसपास कोणी नव्हतं. शेजारी दोन वल्ह्यांची एक नाव बांधलेली होती. किती वेळ तिच्याकडे बघत राहिले ते सांगता येत नाही. मग तिच्यातलं तरंगायचं जाकीट चढवलं आणि आत बसले. लग्नानंतर पहिल्या उन्हाळ्यात तुझ्या बाबांनी शिकवलं होतं. हात काही विसरले नव्हते. लाटा तोंडावर येत होत्या, मी रडत होते आणि वल्ही मारत होते.

जवळ पोचले तर हा गृहस्थ म्हणतो काय, की ताई, तू डावीकडे फार ओढतेस! मी सांगितलं की गप्प बस, नाहीतर इथेच सोडून जाईन. त्याची होडी दोरीने बांधून ओढत आणली.

काठाला लागल्यावर तो गवतात आडवा पडला. वारा पडल्यावर मी काय केलं असेल? त्याला नावेत बसवलं आणि पुन्हा तळ्यात गेले. डोक्यावरून पेलिकन चालले होते. मी मोठमोठ्याने हसत होते, म्हणे. मामा सांगतो.

जेवत जा वेळेवर.
तुझी,
आई

हॅलिफॅक्स
२७ जुलै

ती. आईस,
मॉइराचा कडकडून नमस्कार.

पत्र तीनदा वाचलं. सुट्टी मंजूर झाली आहे, शनिवारी तिथे पोचते. मामाला म्हणावं, दोन वल्ह्यांची ती नाव आधीच सांगून ठेव.

एक मागते. मला वल्हवायला शिकव. बाबा गेल्यापासून फार वाटायचं, पण विचारलं नाही. तुला वाटायचं मलाही पाण्याची भीती वाटते. पाण्याची नाही गं आई, तुझ्या चेहऱ्याची वाटायची.

माया आहेच, ती समोर बसून दे.
तुझी,
मॉइरा