चौदावा नियम

दि. ९ फेब्रुवारी, रविवार
सकाळी दहा

तीर्थस्वरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. ‘इकडे सर्व क्षेम’ असे लिहून पुढे जाण्याची आपली रीत आहे. मी ‘बहुतेक क्षेम’ एवढेच लिहितो. उरलेल्यासाठीच हे पत्र आहे.

माझी साखर आटोक्यात आहे. धाकट्या लेकीला नोकरीच्या गावी घर मिळाले. स्वयंपाकघर एवढेसे, की कढई आत आणली की आपण बाहेर जायचे, असे ती सांगते. कंपनीत मी अजून करारांच्या विभागातच आहे. इतरांच्या मसुद्यातील पळवाटा शोधून बुजवणे, हे काम बत्तीस वर्षांनंतरही मला कंटाळवाणे वाटत नाही.

आता तुझा प्रश्न. हिने तुला फोन करून सांगितले की मी सहाला सुटतो, अर्ध्या तासाच्या रस्त्याला दीड तास लावतो आणि विचारले की पेपर उघडतो. त्यावर तू लिहिलेस, “या वयात काही भानगड असेल तर आधी मला सांग.” भानगड आहे. तिच्यात एक बाईही आहेत, पण तुझ्या मनात आहे त्या अर्थाने नव्हे.

मी इमारतीच्या तळघरात, वाहनतळावर, आमच्याच गाडीत काचा वर करून बसतो आणि माउथ ऑर्गन वाजवतो.

हसून घे. मागच्या वर्षी डॉक्टरांनी छातीसाठी फुगे फुगवायला सांगितले होते. पंचावन्नाव्या वर्षी फुगे फुगवण्याची लाज वाटली, म्हणून हे वाद्य आणले. आठ दिवस तो निव्वळ श्वासाचा व्यायाम होता. नवव्या दिवशी एक चाल अचानक पुरी झाली आणि मी एकटाच मोठ्याने हसलो. ताई, स्वतःच्या हातून घडलेल्या गोष्टीवर असा हसल्याचे मला आठवत नाही. मी बरे वाजवत नाही. तरी तो तास संपू नये असे वाटते. उन्हाळ्यात शर्ट पिळून निघतो, काचेवर वाफ धरते, पण काच बोटभर खाली घेण्याचे धाडस होत नाही.

घरी का वाजवत नाही, असे तू विचारशील. इमारतीचा चौदावा नियम असा आहे: ‘कोणत्याही सदनिकेत, जिन्यात अथवा गच्चीवर, कोणत्याही वेळी, कोणतेही वाद्य वाजवण्यास अथवा इतरांस ऐकू जाईल असे गाण्यास मनाई आहे.’ ‘कोणत्याही वेळी’ हे शब्द मुद्दाम घातले आहेत. नाहीतर लोक दुपारची सवलत काढतात. तळघर तेवढे लिहायचे राहिले. त्या एका फटीत मी वर्षभर राहतो आहे.

मसुदा माझाच. चार वर्षांपूर्वी, समितीचा सेक्रेटरी झाल्यावर केलेला. इमारतीच्या तक्रारपेटीत एक निनावी तक्रार आली होती.

मध्ये उठून चहा करून आलो. लिहितो.

आमच्या डोक्यावर शिवणकाम करणाऱ्या एक बाई राहतात. त्या मशीन चालवताना गात. बेसूर, पण भरल्या गळ्याने, खिडक्या सताड उघड्या टाकून. मी खाली पेपर वाचत असे आणि माझा पाय आपोआप ठेका धरी. मी तो दुसऱ्या पायाखाली दाबून ठेवी. एके दिवशी हिने ते पाहिले आणि म्हणाली, “अगंबाई, तुम्हीसुद्धा?” दुसऱ्या दिवशी मी चिठ्ठी लिहिली, डाव्या हाताने, आणि पेटीत टाकली. मग सेक्रेटरी या नात्याने ती पेटीतून काढून सभेत वाचली. नियम मंजूर झाला. तेव्हापासून वरून फक्त मशीन ऐकू येते.

गेल्या गुरुवारी त्याच बाईंनी गाडीच्या काचेवर टकटक केली. मी काच खाली घेतली.

“सेक्रेटरी, दुसऱ्या ओळीत घसरता तुम्ही,” त्या म्हणाल्या. “रोज घसरता. माझी स्कूटर त्या खांबामागेच असते, किती दिवस गप्प बसायचं माणसानं?”

“तळघराला नियम लागू नाही,” मी म्हणालो.

त्या पोट धरून हसल्या. “अहो, तक्रार कुठं करतेय मी? वर या की. मशीनवर ठेका मी धरते.”

“वर मनाई आहे.”

“हो, तेही खरंच. कुणाच्या पोटात दुखलं, देव जाणे. तुम्ही बिचारे नुसते लिहून देणारे.”

मी काच वर केली. बाई समोर उभ्या असताना.

पुढच्या रविवारी वार्षिक सभा आहे. तक्रारीवरून झालेला नियम रद्द करायचा तर मूळ तक्रारदाराने नाव देऊन, सभेत उभे राहून तक्रार मागे घ्यावी लागते. ही अटही मीच घातलेली. तीन दिवस तिच्यात पळवाट शोधतो आहे. एकही नाही. सेक्रेटरीला चळ लागला म्हणतील, हे सोसता येईल. त्या बाई काय म्हणतील, तेथे माझे पाऊल अडते.

सभेची सूचना आज बाराच्या आत फलकावर लागली पाहिजे. राहिलेला विषय वर्षभर पुढे जातो. सातवा विषय टाइप केला आहे. नावाची जागा कोरी आहे. अकरा वाजून दहा मिनिटे झाली.

ता. क. पावणेबाराला सूचना लावली. टाचणी टोचतो आहे तोच बाई जिना उतरून आल्या. चष्मा घरी राहिला होता. म्हणाल्या, “वाचून दाखवा.” सहा विषय वाचले. सातवाही वाचला, नावासकट.

 त्या एवढेच म्हणाल्या, “चार वर्षं, सेक्रेटरी?” आणि वर गेल्या. मशीन अजून सुरू झालेले नाही.

सभेत मी उभा राहणार आहे. त्या येतील की नाही, माहीत नाही.

तुझा धाकटा भाऊ,
मूळ तक्रारदार